हात केव्हा कापतो?

डॉक्टरांनी अगदी साधा प्रश्न विचारला होता. "आजोबांचा हात काम करताना कापतो, की नुसते बसलेले असताना?"

आजोबांना घेऊन आम्ही चौघे गेलो होतो. वडील, काका, आजी आणि मी. चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. वडील म्हणाले, "कापतो तसा, डॉक्टरसाहेब." काका म्हणाले, "वयच झालंय आता." आजी म्हणाली, "थंडीत जास्त कापतो." मी काहीच बोलले नाही. डॉक्टरांनी मग आजोबांना दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितले, स्वतः पाहिले आणि पुढचा प्रश्न टाकला, "सुरुवात कोणत्या हातापासून झाली?" हे मात्र आता त्यांना पाहून कळण्यासारखे नव्हते. ते आम्हीच सांगायला हवे होते. आम्हाला सांगता आले नाही. दोन-अडीच वर्षे तो हात रोज आमच्या समोर होता, ताटावर, वर्तमानपत्रावर, पोथीवर. आणि चार सुशिक्षित माणसांपैकी एकानेही तो पाहिला नव्हता.

उत्तर घरी आल्यावर मिळाले, तेही बाहेरच्या माणसाकडून. दर रविवारी आजोबांची दाढी करायला एक काका येतात. त्यांना सहज विचारले, तर वस्तऱ्याला धार लावता लावता ते म्हणाले, "उजवा हात आधी. अंगठा आणि पहिलं बोट, जपाची माळ ओढल्यासारखं चालायचं. परवाच्या नाही, त्याच्या आदल्या गणपतीपासून. हात मांडीवर असला की चालायचं, आणि चहाचा कप उचलला की बंद."

वाचकहो, हे सारे मी माझ्या फजितीची हकीकत म्हणून सांगत नाही. फजिती पुढेच आहे. मागच्या वर्षी मी एका निबंधस्पर्धेत भाग घेतला होता. विषय 'माझे आजोबा'. त्या निबंधात एक वाक्य असे होते की, आजोबा आपला थरथरता हात माझ्या डोक्यावरून फिरवतात तेव्हा साऱ्या जगाची माया त्यातून पाझरते. परीक्षकांना ते वाक्य आवडले. मला दुसरे पारितोषिकही मिळाले. आता कळते की ते वाक्य चक्क खोटे होते. माझ्या डोक्यावरून फिरणारा हात त्या वेळी थरथरत नव्हता. तो थरथरायचा तो मांडीवर स्वस्थ पडलेला असताना. 'थरथरता हात' हे शब्द मी हाताकडे पाहून लिहिले नव्हते. आधी वाचलेल्या पन्नास निबंधांकडे पाहून लिहिले होते.

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, पार्किन्सन. आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो. हा पार्किन्सन कोण, म्हणून शोधू लागले, आणि जी माहिती मिळत गेली तिने मला आजारापेक्षाही अधिक विचारात टाकले. कारण हा माणूस एका बाजूने मेंदूच्या आणि मज्जेच्या विकारांवर लिहिणारा वैद्य, आणि दुसऱ्या बाजूने आपल्या काळातला नावाजलेला भूशास्त्रज्ञ. त्याच्या हयातीत लोक त्याला ओळखत ते कंपवातासाठी नव्हे, दगडांसाठी!

जेम्स पार्किन्सनचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन या भागात झाला. वडील औषधे देणारे वैद्य होते. मुलाने तोच व्यवसाय त्याच वस्तीत चालवला. तो कुठल्या विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता की कोणा उमरावाच्या पदरी नव्हता. हॉक्स्टनमधल्या साध्या माणसांची दुखणीखुपणी पाहणारा, आजच्या भाषेत सांगायचे तर गल्लीतला डॉक्टर. शिवाय गृहस्थ राजकारणात जहाल. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने गरिबांच्या हक्कांसाठी तो पत्रके लिही. १७९४ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जला विषारी बाण मारून ठार करण्याच्या कथित कटाची चौकशी झाली, तेव्हा त्याला राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहून जबाब द्यावा लागला होता.

अशा या माणसाला जीवाश्मांचे वेड होते. शंख-शिंपले, पोवळी, झाडांची खोडे यांचे दगड झालेले अवशेष तो जमवी. त्या वेळी पुष्कळांच्या लेखी या वस्तू म्हणजे कपाटात मांडून ठेवण्याच्या चिजा होत्या. पार्किन्सनने त्यांचे बारकाईने वर्णन करणारा ग्रंथ लिहायला घेतला आणि तो तीन खंडांत पुरा केला, १८०४, १८०८ आणि १८११ मध्ये. ग्रंथाचे नाव 'पूर्वीच्या जगाचे सेंद्रिय अवशेष' अशा अर्थाचे आहे. पहिला खंड वनस्पतींचा, दुसरा पोवळ्यांसारख्या जीवांचा, तिसरा शंख, तारामीन आणि हाडे असलेल्या प्राण्यांचा. १३ नोव्हेंबर १८०७ रोजी लंडनमधल्या एका खानावळीत तेरा माणसे जमली आणि त्यांनी जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन केली. त्या तेरा जणांत पार्किन्सन होता. सोसायटीच्या नियतकालिकाचा पहिला खंड १८११ मध्ये निघाला, त्यात लंडनच्या आसपासचे जमिनीचे थर आणि त्यांतले जीवाश्म यांवरचा त्याचा लेख आहे. ज्युरासिक काळातल्या शंखासारख्या एका प्राण्याच्या प्रजातीला आजही 'पार्किन्सोनिया' म्हणतात.

आणि १८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याने ६६ पानांचे एक छोटे पुस्तक छापले. त्याच्या नावातच 'एसे' हा शब्द आहे. म्हणजे निबंध! कंपवातावरील निबंध. माझ्या निबंधाला पारितोषिक मिळाले होते, त्याच्या निबंधाला फारसे कोणी विचारलेही नाही. पण त्याच्या निबंधात हात केव्हा कापतो हे लिहिलेले आहे.

त्यात सहा रोगी आहेत. फक्त सहा. त्यांतले दोघे पार्किन्सनला रस्त्यात भेटले, एकाला तर त्याने केवळ दुरून पाहिले. एक माळी आहे, एक जुना खलाशी आहे. हातात रबरी हातोडी नाही, मेंदूचा फोटो काढणारे यंत्र नाही. माणूस चालतो कसा, हात ठेवतो कसा, लिहितो कसा, हेच त्याने पाहिले. त्यावरून त्याने नोंदवले की हा कंप अवयव स्वस्थ असताना, अगदी आधाराला टेकलेला असतानाही येतो. तो हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे पसरतो. धड पुढे झुकते. आणि चालायला निघालेला माणूस नकळत धावू लागतो. त्याच्या आधी कापरे भरलेली माणसे नव्हती असे नाही. हजारो होती. पण म्हातारपणाचे कापरे, दारूचे कापरे आणि हे कापरे यांतला भेद एकत्र मांडून, हा एक स्वतंत्र विकार आहे असे कोणी सांगितले नव्हते. आमच्या काकांनी डॉक्टरांना जे सांगितले, "वयच झालंय आता", तेच तोवर जग सांगत आले होते.

या सहांपैकी सहाव्याची हकीकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहात्तर वर्षांचे गृहस्थ. पूर्वीपासून कंपवात. एके रात्री जाग आली तो उजव्या बाजूची शक्ती जवळजवळ गेलेली, तोंड डावीकडे ओढलेले. म्हणजे आपण ज्याला अर्धांगवायूचा झटका म्हणतो, तोच. सुमारे पंधरवड्यात हातपाय पुन्हा पूर्वीसारखे चालू लागले. आता आपल्यापैकी कोणी असते तर एवढेच लिहिले असते की, आधीच बिचाऱ्याला एक दुखणे, त्यात दुसऱ्याची भर. पार्किन्सनने एक गोष्ट आणखी टिपली. जेवढे दिवस ते हातपाय लुळे होते तेवढे दिवस त्यांतला कंप पार थांबला होता. आणि शक्ती परत आली तसा कंपही परत आला.

हे वाक्य मी दोन-तीनदा वाचले. कंप आणि लुळेपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकावर दुसरे येऊन बसले तर खालचे झाकले जाते, आणि वरचे उतरले की खालचे पुन्हा दिसू लागते. त्याने असे शब्द वापरलेले नाहीत, पण जमिनीचे थर वाचणाऱ्या माणसाने टिपावी अशीच ही गोष्ट आहे. दगडांच्या अभ्यासाने त्याला वैद्यक शिकवले, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही. मात्र एवढे नक्की की दोन्हीकडे त्याचे काम एकच होते. समोर जे उरले आहे ते नीट पाहायचे, कशाच्या वर काय आहे आणि कशानंतर काय आले याचा क्रम लावायचा, आणि जसे दिसले तसे लिहायचे.

त्या एका निरीक्षणाचा अर्थ कळायला किती काळ जावा लागला पाहा. कंप मेंदूत उत्पन्न होत असला तरी स्नायूंपर्यंत पोचायला त्याला वाट लागते; हालचालीचा हुकूम नेणारी वाटच झटक्याने बंद पडली की इच्छेने होणारी हालचालही थांबते आणि कंपही थांबतो. विसाव्या शतकात शस्त्रवैद्यांनी मेंदूतला हालचालीचा भाग काढून कंप थांबवण्याचे प्रयत्न केले. कंप गेला, पण बदल्यात अशक्तपणा आला. मग १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग कूपर या शस्त्रवैद्याकडून अशाच एका रोग्याच्या शस्त्रक्रियेत मेंदूतली एक लहान रोहिणी फाटली. ती त्याला बांधून टाकावी लागली. रोगी शुद्धीवर आला तेव्हा कंप आणि ताठरपणा गेलेले होते आणि हातापायांतली शक्ती मात्र शाबूत होती. मेंदूच्या आत खोलवर एखादी नेमकी जागा गाठली तर शक्ती न घालवता कंप थांबवता येतो, या दिशेने पुढचे पुष्कळ काम झाले. कूपरने पार्किन्सनचे वाक्य वाचून हे केले असे नाही. तो अपघातच होता. पण कंप एकीकडचा आणि शक्ती दुसरीकडची, या दोहोंची फारकत होऊ शकते, ही गोष्ट १८१७ च्या त्या निबंधात एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या पंधरा दिवसांत लिहून ठेवलेली होती.

आता कोणी म्हणेल, आणि माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने म्हटलेही, की हे सारे दोनशे वर्षांपूर्वीचे. तेव्हा शास्त्रेच बाल्यावस्थेत होती. एका माणसाला दोन शास्त्रांत पोहता येत होते कारण पाणी गुडघाभर होते. आज भूशास्त्राच्या एका शाखेतल्या माणसाला शेजारच्या शाखेतले कळत नाही, मग मेंदूची गोष्ट कशाला? आक्षेप खरा आहे. तो मी मान्य करते. पार्किन्सनसारखे दोन्हीकडे नाव मिळवणे आज कोणाला साधेल असे मला वाटत नाही, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरांना शहाणपण शिकवावे असेही माझे म्हणणे नाही.

उलट पार्किन्सन चुकला कुठे तेही पाहायला हवे. विकाराचे मूळ मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावे, असा त्याचा तर्क होता. तो चुकला. रोगी मनाने आणि बुद्धीने ठणठणीत राहतो, असे त्याने लिहिले. तेही पूर्णपणे खरे नाही हे पुढे दिसून आले. उपचार म्हणून त्याने मानेतून रक्त काढणे आणि फोड उठवणे सुचवले. आज ते ऐकूनच अंगावर काटा येतो. भूशास्त्रातही तसेच. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या सुरुवातीच्या चित्रात नोहाची नौका आणि इंद्रधनुष्य आहे आणि पुढे किनाऱ्यावर शिंपले पडले आहेत. बायबलमधल्या प्रलयाशी जीवाश्मांचा मेळ घालण्याची खटपट त्यामागे होती. म्हणजे दोन्ही शास्त्रांत त्याची कारणमीमांसा काळाच्या ओघात वाहून गेली.

मग उरले काय? वर्णन उरले. त्याच्या ग्रंथातले जीवाश्मांचे चित्रफलक गिडिअन मँटेलने १८५० मध्ये पुन्हा छापले. हा मँटेलही व्यवसायाने डॉक्टर, आणि 'इग्वानोडॉन' या अजस्र प्राण्याला १८२५ मध्ये नाव देणारा. कंपवाताचे वर्णन तर इतके टिकले की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या शार्को या थोर वैद्याने विकाराला पार्किन्सनचे नाव देण्याचा आग्रह धरला. रोग्यांची शक्ती वास्तविक फारशी गेलेली नसते, तेव्हा याला लुळेपणा म्हणणे बरोबर नाही, असे शार्कोचे म्हणणे होते. मेंदूतली बिघाडाची जागा, एक छोटासा काळसर भाग, १९१९ मध्ये त्रेत्याकॉफने पॅरिसमध्येच दाखवली. त्या भागातून पुरवठा होणारे डोपामीन नावाचे द्रव्य या रोग्यांच्या मेंदूत कमी पडते हे १९६० मध्ये व्हिएन्नात सिद्ध झाले. आज आजोबा जी गोळी घेतात तिच्यात लेव्होडोपा आहे. हेच लेव्होडोपा १९३७ मध्ये दोन भारतीय संशोधकांनी खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. तेव्हा त्याचा या विकाराला उपयोग होईल हे कोणाला ठाऊक नव्हते. ही सगळी कामे खास शिक्षण घेतलेल्या माणसांची. पण कोणत्या रोग्यांचे मेंदू एका टेबलावर ठेवायचे आणि कोणत्या रोग्यांचे वेगळे, हे आधी कोणीतरी ठरवून द्यावे लागते. ते काम त्या ६६ पानांनी केले.

आणखी एक गोष्ट. आपण कोणत्याही प्रेताची तपासणी केलेली नाही, प्रयोग केलेला नाही, जागेबद्दल जे सांगतो आहोत तो तर्क आहे, हे पार्किन्सनने प्रस्तावनेतच मोकळेपणाने कबूल केले. आणि ज्यांना शवविच्छेदन करता येईल त्यांनी या विकाराकडे लक्ष द्यावे अशी इच्छा प्रकट केली. मी पाहिले ते हे, आणि मला वाटते ते हे, यांच्यामध्ये त्याने रेघ ओढली. म्हणूनच त्याचा तर्क चुकला तरी निरीक्षण बुडाले नाही.

हे केवळ एका इंग्रज गृहस्थाचे वैशिष्ट्य आहे असेही नाही. डेन्मार्कचा स्टेनो पहा. मेंदूची रचना समजून घेण्यापूर्वी तो कापावा कसा हेच नीट ठरलेले नाही, असे सांगणारे त्याचे पॅरिसमधले व्याख्यान १६६९ मध्ये छापले गेले. आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये त्याचे ते पुस्तक निघाले, ज्यात खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा हा भूशास्त्राचा पाया सांगितला आहे. आपल्या मुंबईचे घ्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतला शस्त्रवैद्य हेन्री जॉन कार्टर याने मुंबई बेटाच्या खडकांचा अभ्यास केला आणि पश्चिम हिंदुस्थानच्या भूगर्भावरील लेखांचा संग्रह १८५७ मध्ये मुंबईत छापवून घेतला. माणसाचे शरीर पाहणारे डोळे फुरसत मिळाली की दगडाकडे वळत, असे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. दहावीनंतर आपली तीन दारांत वाटणी होते. ज्याला गणित जमत नाही तो कलेकडे येतो, असा एक समज बाहेर आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्या मनातही आहे. त्यामुळे पाहणे, मोजणे, नोंदणे ही कामे विज्ञानवाल्यांची, आणि भावना व कल्पना आपल्या, अशी वाटणी आपण गुपचूप मान्य करून टाकली आहे. मला ही वाटणी नुसती चुकीची नव्हे, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी वाटते. कारण वर्णन ही भाषेची विद्या आहे. जे दिसले ते दुसऱ्याला दिसेल अशा शब्दांत मांडणे, एक कापरे दुसऱ्या कापऱ्याहून वेगळे कसे ते वाक्यात पकडणे, हे आमच्या शाखेचे काम. आणि तेच आम्ही सोडून दिले.

पुरावा हवा असेल तर आपल्या याच वार्षिकाचे मागचे अंक काढून पाहा. सहलीचे लेख वाचा. निसर्गाने मुक्त हस्ताने उधळण केलेली आहे. वारा गुंजारव करतो आहे. सूर्य हा नेहमी तांबडा गोळाच आहे. गेल्या हिवाळ्यात भूगोलाच्या सहलीला आम्ही एका किल्ल्यावर गेलो. अर्ध्या चढावर विटकरी रंगाच्या भुसभुशीत मातीचा हातभर पट्टा लागला. त्यावरून आमच्यातल्या तिघी घसरल्या. सरांनी तिथे थांबवून सांगितले की हा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, आणि हा तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधली विश्रांती. खालचा थर थंड झाला, उन्हापावसात त्याची झीज झाली, आणि मग वरचा येऊन त्याने तो झाकला. परत आल्यावर चौघींनी सहलीवर लेख लिहिले. त्यांत घसरणे आले, डबे आले, परतीच्या एस.टी.तल्या भेंड्या आल्या, शिवरायांना वंदनही आले. तो तांबडा पट्टा एकाही लेखात नाही. माझ्याही नाही.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे काही रोग्याचा केसपेपर नव्हे. कबूल. पण माझ्या निबंधातले ते पारितोषिक मिळालेले वाक्य साहित्य तरी होते काय? आजोबांवर माझी माया आहे हे त्यातून कळले नाही. निबंधात मायेबद्दल काय लिहायचे असते एवढे मला ठाऊक आहे, हेच कळले. खरी माया असती, म्हणजे खरी नजर असती, तर बसल्या जागी माळ ओढणारा तो अंगठा मला दिसला असता. कदाचित आजोबा दोन वर्षे आधी डॉक्टरांकडे गेले असते. या 'कदाचित'ला किती किंमत द्यायची ते मला ठरवता येत नाही. पण रात्री ते कूस वळवायला धडपडताना ऐकू आले की तो शब्द आठवतो.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. भाषेच्या तासाला वर्षातून चार-पाच वेळा आम्हाला असे काही लिहायला सांगा, ज्यात विशेषण वापरायचे तर त्याचे कारण द्यावे लागेल. एका माणसाचे चालणे. एका भिंतीची ओल. फलाटावर झोपलेल्या माणसाचे हात. वीस ओळी. आणि त्या वाचून दुसऱ्याने ती वस्तू ओळखून दाखवावी. भूगोलाच्या सरांनी आणि मराठीच्या बाईंनी हे मिळून तपासले तर फारच छान. विद्यार्थी मित्रमैत्रिणींना सांगणे एवढेच की विज्ञान शाखेचे दार आपल्याला बंद असेल, पण ज्या गुणावर ते उभे आहे त्या गुणाला कोणी दार लावलेले नाही. पार्किन्सनचे अर्धे रोगी रस्त्यावरचे होते, आणि रस्ता सर्वांना मोकळा आहे.

पार्किन्सनचे एकही चित्र शिल्लक नाही. अंगकाठीने ठेंगणा, चेहरा हुशार आणि प्रसन्न, वागणे सौम्य, असे मँटेलने त्याच्याविषयी लिहून ठेवले आहे म्हणून तो थोडाफार डोळ्यांसमोर येतो. तोही वर्णनातूनच. डिसेंबर १८२४ मध्ये त्याला स्वतःलाच अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. २१ डिसेंबरला तो वारला. सहाव्या रोग्याचा पंधरवडा इतक्या नेमकेपणाने लिहिणाऱ्या माणसाला आपल्या शेवटच्या दिवसांबद्दल काही सांगता आले नाही.

आजोबांना पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचे आहे. मी एक वही केली आहे. त्यात गोळीची वेळ, गोळीनंतर किती वेळाने चालणे मोकळे होते, उंबऱ्यापाशी पाय अडतो तो कितीदा, सही किती बारीक झाली, हे लिहिते. पहिल्या आठवड्यात जमत नव्हते. 'आज बरे वाटले', 'आज जरा जास्त', असेच लिहिले जाई. आजोबांनी एकदा ती वही मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "बरे म्हणजे काय ते लिही की."

तेच शिकते आहे.

— तृतीय वर्ष कला